रिकाम्या घरांची आवर्तसारणी

जूनच्या अंकात मूलद्रव्यांची आवर्तसारणी मांडणाऱ्या रशियन रसायनतज्ज्ञ मेंडेलीव्हबद्दल जाता जाता चार ओळी लिहिल्या होत्या. त्यावर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. शाळा नुकत्याच सुरू झाल्यात आणि दहावीच्या विज्ञानाच्या पुस्तकात दुसराच धडा मूलद्रव्यांच्या वर्गीकरणाचा आहे. त्यामुळे निम्मी पत्रं मुलांची, उरलेली त्यांच्या आईवडिलांची. कोकणातल्या एका तालुक्याच्या गावी मी एकतीस वर्षं रसायनशास्त्र शिकवलं. हा धडा शिकवायची वेळ आली की दर वर्षी नव्याने हुरूप यायचा. म्हणून या महिन्याचं सदर सगळं याच विषयाला देते.

प्रश्न : न्यूलँड्सने मेंडेलीव्हच्या आधी मूलद्रव्यं क्रमाने लावली होती. मेंडेलीव्हच्या सारणीच्या तर आम्हाला त्रुटी पाठ करायला लावतात. मग सगळा मान मेंडेलीव्हलाच का?
— दहावीतली विद्यार्थिनी, कराड

बाळा, न्यूलँड्स आधीचा हे खरं, आणि त्याच्यावर अन्याय झाला हेही खरं. लंडनच्या या रसायनतज्ज्ञाने मूलद्रव्यं अणुभाराच्या चढत्या क्रमाने लिहिली. (तुम्ही अणुवस्तुमान म्हणता, माझ्या तोंडात अणुभारच बसलाय.) तेव्हा त्याला दिसलं की दर आठव्या मूलद्रव्याचा स्वभाव पहिल्यासारखा येतो. सा रे ग म प ध नी, की पुन्हा सा. लिथियमपासून मोजलं की आठवं सोडियम, सोडियमपासून आठवं पोटॅशियम. १ मार्च १८६६ ला त्याने हे केमिकल सोसायटीच्या सभेत मांडलं. तिथे जॉर्ज केरी फॉस्टर नावाच्या प्राध्यापकाने त्याला विचारलं, मूलद्रव्यं नावांच्या आद्याक्षरांप्रमाणे लावून पाहिलीत का? सोसायटीने तो निबंध छापलाही नाही. एकवीस वर्षांनी, १८८७ मध्ये, त्याला रॉयल सोसायटीचं डेव्ही पदक मिळालं. तोवर मेंडेलीव्ह आणि जर्मनीचा लोथार मायर यांना ते मिळून पाच वर्षं झाली होती.

एवढे लोक एकाच सुमारास या मागे का लागले, तेही सांगते. १८६० पर्यंत अणुभारांवरच एकमत नव्हतं. कोणी ऑक्सिजनचा अणुभार ८ धरायचं, कोणी १६. त्या वर्षी सप्टेंबरात जर्मनीतल्या कार्ल्सरूहेला रसायनतज्ज्ञांची परिषद भरली, आणि अणुभार कसे ठरवायचे याची इटलीच्या कानिझारोची पत्रिका तिथे वाटली गेली. मेंडेलीव्ह आणि मायर दोघंही त्या परिषदेत होते. आकडे हातात आल्यावर पुढच्या नऊ वर्षांत निदान पाच जणांना त्यांतली आवर्तनं दिसली.

मग मेंडेलीव्हचं वेगळेपण कशात? न्यूलँड्सच्या १८६५ च्या तक्त्यात एकही घर मोकळं नाही. अष्टक जमलंच पाहिजे म्हणून त्याने जे मिळेल ते भरत नेलं. कॅल्शियमपर्यंत सूर छान लागले, पुढे बिघडले. कोबाल्ट आणि निकेल एकाच घरात कोंबले गेले, तेही फ्लुओरिन-क्लोरिनच्या रांगेत. लोखंड जाऊन बसलं ऑक्सिजन आणि गंधकाशेजारी.

मेंडेलीव्ह सेंट पीटर्सबर्गला शिकवत होता आणि त्याची अडचण शिक्षकाचीच होती. विद्यार्थ्यांसाठी तो पाठ्यपुस्तक लिहीत होता. पहिला भाग हातावेगळा झाला तेव्हा ६३ पैकी जेमतेम आठ मूलद्रव्यं नीट शिकवून झाली होती, आणि उरलेली ५५ दुसऱ्या भागात बसवायची होती. पोर्शन संपत नाही म्हणून फेब्रुवारीत ज्या शिक्षकांची झोप उडते त्यांना त्याची घालमेल बरोबर कळेल. तेव्हाही महिना फेब्रुवारीच होता, १७ तारीख, १८६९ (आपल्या कॅलेंडरने १ मार्च). चीज बनवणाऱ्या डेअऱ्यांची पाहणी करायला तो गावाला निघायचा होता. ही पाहणी ज्या संस्थेसाठी होती तिच्याकडून आलेल्या पत्राच्या पाठकोऱ्या बाजूवर त्याने मूलद्रव्यांची चिन्हं आणि अणुभार लिहून एकाखाली एक लावून बघायला सुरुवात केली. त्याला सारणी स्वप्नात दिसली, तो पत्ते मांडून बसला होता, अशा गोष्टी सांगतात. त्या नंतरच्या लोकांनी सांगितलेल्या आहेत. मी त्या वर्गात सांगणं सोडून दिलं. पाठकोऱ्या कागदावरची खाडाखोड माझ्या मनाला जास्त पटते.

त्या सारणीत चार ठिकाणी प्रश्नचिन्हं आहेत आणि प्रत्येकापुढे आकडा आहे : ४५, ६८, ७०, १८०. वस्तू कोणी पाहिलेली नाही, पण तिची जागा राखून ठेवली आहे आणि तिचा अणुभारही लिहून ठेवला आहे. दोन वर्षांनी, १८७१ मध्ये, त्याने पहिल्या तिघांची घनता, ऑक्साइडं, क्लोराइडं असं सगळं वर्णनच छापलं. १८७५ मध्ये फ्रान्सच्या लेकॉक द बॉयबोद्राँने जस्ताच्या खनिजात गॅलियम शोधलं आणि घनता दिली ४.७. मेंडेलीव्हने रशियातून कळवलं की हा धातू माझ्या ६८ च्या घरातला आहे आणि त्याची घनता ५.९ च्या आसपास असायला हवी, नमुना पुन्हा शुद्ध करून बघा. बॉयबोद्राँने नमुना शुद्ध केला, पुन्हा मोजलं, आणि आली ५.९. ज्याच्या हातात धातू होता त्याची चूक, शेकडो कोसांवर नुसती सारणी घेऊन बसलेल्या माणसाने काढली! शिकवताना इथे मी दर वर्षी थोडी थांबायचे. मुलांनाही थांबावंसं वाटायचं.

हे गॅलियम मी एकदाच हाताळलं. माझ्या एका विद्यार्थ्याने परदेशातून प्लॅस्टिकच्या कुपीत घालून आणून दिलं होतं. वितळणबिंदू २९.८ अंश, म्हणजे तळहातावर ठेवलं की वितळतं, एवढं पुस्तकातून ठाऊक होतं. पण आमच्याकडचा एप्रिल म्हणजे वर्गातच ३३ अंश. कुपी उघडली तर आत पाऱ्यासारखं पातळ. शेजारणीच्या फ्रिजमध्ये रात्रभर ठेवलं आणि सकाळी ओल्या फडक्यात गुंडाळून शाळेत नेलं. पहिल्या बाकावरच्या मुलीच्या हातावर ठेवलं, तर आधी कडा ओघळल्या, मग मधला भाग बसला आणि शेवटी चांदीचा एक थेंब हातावर इकडून तिकडे पळू लागला. तिच्या तळव्यावर राखाडी डाग राहिला. मधल्या सुट्टीपर्यंत तिने तो धुतला नाही.

पुढे १८७९ मध्ये स्वीडनच्या निल्सनला स्कँडियम सापडलं, ते ४५ चं घर. १८८६ मध्ये जर्मनीच्या विंक्लरला जर्मेनियम सापडलं, तिथे मेंडेलीव्हने शेवटी अणुभार ७२ सांगितला होता, निघाला ७२.६. युरेनियमचा अणुभार तेव्हा १२० धरत, त्याने तो दुप्पट करायला सांगितलं आणि तेही बरोबर ठरलं.

तो चुकलाही. हायड्रोजनहूनही हलकी मूलद्रव्यं असतील असं त्याने उतारवयात लिहिलं, तसं काही निघालं नाही. तुझ्या पुस्तकातल्या त्रुटीही खऱ्या आहेत. फक्त त्या पाठ करू नकोस. वहीत प्रत्येक त्रुटीसमोर ती पुढे कोणी आणि कधी सोडवली ते लिही. त्यातली एक खालच्या प्रश्नात आहेच.

प्रश्न : कोबाल्टचा अणुभार ५८.९३ आणि निकेलचा ५८.६९, तरी कोबाल्ट आधी. आमच्या तक्त्यात ही छपाईची चूक आहे का?
— पालक, वर्धा

छपाई बरोबर आहे. अशा जोड्या आणखी सापडतील. आरगॉन (३९.९५) हे पोटॅशियमच्या (३९.१०) आधी येतं, टेल्युरियम (१२७.६०) आयोडीनच्या (१२६.९०) आधी. मेंडेलीव्हला टेल्युरियम-आयोडीनची जोडी माहीत होती. आयोडीनचा स्वभाव क्लोरिन-ब्रोमिनचा, त्याला त्याच रांगेत बसवलं पाहिजे, म्हणून त्याने वजनाकडे दुर्लक्ष केलं आणि टेल्युरियमचा अणुभार मोजायला चुकले असतील असं ठरवून टाकलं. जागा त्याने बरोबर निवडली. कारण मात्र चुकीचं दिलं, अणुभार ठीकच मोजला होता.

खरं कारण १९१३ मध्ये हेन्री मोझलेने दाखवलं, मँचेस्टरला, तेव्हा तो पंचविशीत होता. त्याचं उपकरण मला फार आवडतं. हवा काढून टाकलेली नळी, तिच्यात छोट्या रुळांवर चालणारी एक गाडी, गाडीवर ओळीने ठेवलेले धातूंचे तुकडे. रेशमी दोरा ओढला की गाडी सरकायची आणि पुढचा तुकडा इलेक्ट्रॉनांच्या माऱ्याखाली यायचा. त्यातून निघणाऱ्या क्ष-किरणांच्या रेषा फोटोच्या काचेवर उमटायच्या. कॅल्शियमपासून सुरुवात करून त्याने या पट्ट्या एकाखाली एक लावल्या, तर रेषा जिन्याच्या पायऱ्यांसारख्या एकेक सारख्या अंतराने सरकत गेलेल्या. कॅल्शियम आणि टायटॅनियम यांच्यामध्ये एक पायरी गळालेली दिसते, कारण स्कँडियमचा तुकडा त्याच्याकडे नव्हता. शेवटची पट्टी पितळेची आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त, म्हणून त्या एकाच पट्टीवर तांब्याच्या रेषा आणि त्यांच्या पुढच्या पायरीवर जस्ताच्या. आपल्या घरातल्या पितळी पातेल्याचा तुकडा त्या गाडीवर ठेवला असता तरी हेच दिसलं असतं.

प्रत्येक पायरीला अणुकेंद्रातल्या धनप्रभाराचं एकेक एकक वाढतं. तोच अणुअंक. कोबाल्ट २७, निकेल २८, आणि क्रमाचा वाद मिटला. वजन उलटसुलट का होतं, तर न्यूट्रॉनांमुळे. निसर्गातलं सगळं कोबाल्ट ५९ वस्तुमानाचं असतं आणि निकेलमध्ये ५८ वस्तुमानाचे अणू बहुसंख्य असतात. आरगॉनची कथा आणखी सुंदर आहे. हवेतलं बहुतेक आरगॉन खडकांमधल्या किरणोत्सारी पोटॅशियमपासून तयार झालं आहे, आणि म्हणूनच ते जड आहे.

मोझलेनंतर रिकाम्या घरांना पक्के नंबर मिळाले. ४३, ६१, ७२, ७५ ही घरं मोकळी आहेत हे आता बोट ठेवून सांगता येत होतं. ७२ मध्ये १९२३ साली कोपनहेगनला हाफ्नियम सापडलं, तेच मेंडेलीव्हचं १८० चं प्रश्नचिन्ह. ७५ मध्ये १९२५ साली ऱ्हेनियम आलं. ४३ आणि ६१ माणसांना घडवून घ्यावी लागली, टेक्नेशियम १९३७ मध्ये आणि प्रोमेथियम १९४५ मध्ये. मोझलेला यातलं काही पाहता आलं नाही. पहिल्या महायुद्धात तो सैन्यात दाखल झाला आणि १० ऑगस्ट १९१५ ला गॅलिपोलीच्या रणांगणावर गोळी लागून गेला. वय २७. हे वाक्य वर्गात बोलताना माझा आवाज दर वर्षी बदलायचा.

प्रश्न : वडिलांच्या जुन्या पुस्तकात १०४ ला कुर्चाटोव्हियम आणि १०५ ला हानियम आहे. माझ्या पुस्तकात १०४ चं नाव उन्निलक्वाडियम होतं. मुलाच्या पुस्तकात रुदरफोर्डियम आणि डब्नियम. मुलगा विचारतो, खरं नाव कोणतं?
— वाचक, सांगली

ही तिन्ही पुस्तकं जपून ठेवा. एकाच घरात आवर्तसारणीच्या तीन पिढ्या आहेत.

१०४ आधी आम्ही तयार केलं असा दावा सोव्हिएत संघातल्या डब्नाच्या प्रयोगशाळेचा आणि अमेरिकेतल्या बर्कलीच्या प्रयोगशाळेचाही. डब्नाच्या लोकांनी त्याला सोव्हिएत अणुबॉम्बच्या प्रकल्पाचे प्रमुख कुर्चाटोव्ह यांचं नाव दिलं, बर्कलीच्या लोकांनी रुदरफोर्डचं. १०५ साठी बर्कलीने हानियम सुचवलं, डब्नाने नील्सबोरियम. शीतयुद्धाच्या काळात ज्या देशाची पुस्तकं हाताशी त्या देशाची नावं छापली जायची. वाद मिटेना तेव्हा रसायनशास्त्राच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने तात्पुरती नावं काढली, नुसते आकडे लॅटिन-ग्रीकमध्ये : उन् म्हणजे १, निल् म्हणजे ०, क्वाड म्हणजे ४. तेच तुमचं उन्निलक्वाडियम. १९९७ मध्ये नावं कायम झाली. १०४ रुदरफोर्डियम, १०५ डब्नियम. जर्मन रसायनतज्ज्ञ ओटो हान यांचं नाव गळालं. त्याच वेळी १०६ ला सीबॉर्गियम हे नाव मिळालं, आणि ते ज्यांच्यावरून ठेवलं ते अमेरिकन रसायनतज्ज्ञ ग्लेन सीबॉर्ग तेव्हा हयात होते.

सीबॉर्ग यांचा ठसा तुमच्या तिन्ही पुस्तकांवर आहे. तळाशी जी दोन ओळींची वेगळी पट्टी असते तिच्यातली खालची ओळ बघा. दुसऱ्या महायुद्धापर्यंत थोरियम हाफ्नियमच्या खाली आणि युरेनियम टंगस्टनच्या खाली छापत असत. प्लुटोनियमवर काम करताना सीबॉर्ग यांच्या लक्षात आलं की हा अख्खा गट तिथला नाही, वरच्या लँथॅनाइडांसारखी त्याची स्वतंत्र ओळ आहे. १९४५ मध्ये त्यांनी ती उचलून खाली नेली. मूलद्रव्यं तीच राहिली आणि सारणीचा नकाशा बदलला.

आमच्या प्रयोगशाळेत कापडावर चिकटवलेला एक तक्ता होता. १०३ वर संपणारा, दमट हवेने कोपरे सुटलेले. नवं नाव जाहीर झालं की त्याच्या मोकळ्या पांढऱ्या जागेत मी पेन्सिलीने घर आखून ते लिहीत असे. नवा तक्ता मागूनही आला नाही याचं तेव्हा वाईट वाटायचं. आता वाटतं, मुलांनी त्या पेन्सिलीच्या घरांवरून विचारलेले प्रश्न छापील तक्त्यावरून विचारले नसते.

प्रश्न : हेलियमचा शोध १८६८ च्या सूर्यग्रहणात आपल्या विजयदुर्ग किल्ल्यावर लागला असं आम्ही लहानपणापासून ऐकतो. मुलीच्या पुस्तकात तसं नाही. खरं काय?
— वाचक, देवगड तालुका

तुमच्या गावाजवळचा प्रश्न म्हणजे माझ्याही गावाजवळचा. मीही पहिली काही वर्षं वर्गात हेच सांगितलं. जुने अहवाल वाचल्यावर पुढच्या तुकडीपुढे दुरुस्त केलं, पण आधीच्या मुलांपर्यंत ती दुरुस्ती पोचली नाही याची खंत आहे. म्हणून इथे सविस्तर लिहिते.

१८ ऑगस्ट १८६८ चं खग्रास ग्रहण भारतातून दिसलं हे खरं. फ्रान्सचा जॅन्सेन त्यासाठी आला होता, पण तो होता आंध्रातल्या गुंटूरला. लेफ्टनंट हर्शेल जमखंडीला होता. सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या प्रकाशातले रंग वेगळे केल्यावर चमकत्या रेषा त्या दिवशी दिसल्या, आणि दुसऱ्या दिवशी ग्रहण नसतानाही त्या पाहता येतात हे जॅन्सेनने दाखवलं. विजयदुर्गाशी ज्याचं नाव जोडतात तो इंग्रज खगोलतज्ज्ञ नॉर्मन लॉकियर तेव्हा इंग्लंडमध्ये होता. त्याने स्वतंत्रपणे २० ऑक्टोबरला लंडनमधून त्याच रेषा पाहिल्या. दोघांची पत्रं पॅरिसच्या अकादमीत एकाच दिवशी, २६ ऑक्टोबरला, वाचली गेली. सोडियमच्या पिवळ्या जोडरेषेशेजारी एक पिवळी रेषा होती, जी पृथ्वीवरच्या कुठल्याच मूलद्रव्याशी जुळेना. लॉकियरने ती एका नव्या मूलद्रव्याची मानली, आणि सूर्याच्या ग्रीक नावावरून त्याला हेलियम म्हणू लागले.

मग विजयदुर्गावरचे साहेबाचे कट्टे म्हणतात ते ओटे? लॉकियर विजयदुर्गाला खरोखर आला होता, २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी. ब्रिटिश युद्धनौकेवरचे खलाशी त्याच्या मदतीला होते, दुर्बिणी किल्ल्यात मांडल्या होत्या. त्याच ग्रहणाचा अभ्यास पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्सचे प्राध्यापक नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातल्या जेऊरहून केला. दोन ग्रहणं आणि एकच साहेब, आणि तीस वर्षांचं अंतर लोकांच्या आठवणीत पुसलं गेलं. तोवर हेलियम पृथ्वीवरही सापडलं होतं, १८९५ मध्ये रॅमसेला, युरेनियमच्या एका खनिजातून. हेलियमचं नाव ठेवणारा माणूस त्या ओट्यांवर उभा राहिला होता, एवढं मुलीला अभिमानाने सांगा.

आणि हेलियमला आवर्तसारणीत जागाच नव्हती, हेही तिला सांगा. रिकामी घरं सोडणाऱ्या मेंडेलीव्हनेही निष्क्रिय वायूंच्या या अख्ख्या रांगेसाठी घर सोडलं नव्हतं. कसं सोडणार? शेजारी कोण आहे हे रासायनिक स्वभावावरून ठरतं आणि हे वायू कोणाशी सहजासहजी संयोग पावत नाहीत. १८९४ मध्ये रॅले आणि रॅमसेला आरगॉन सापडलं तेही वजनातल्या फरकामुळे : हवेतून काढलेला नायट्रोजन रसायनांतून काढलेल्या नायट्रोजनपेक्षा सुमारे अर्धा टक्का जड भरत होता. मेंडेलीव्हला आधी हे तीन अणूंचा नायट्रोजन असेल असं वाटलं. मग १८९८ मध्ये, म्हणजे लॉकियर विजयदुर्गाला आला त्याच वर्षी, रॅमसे आणि ट्रॅव्हर्स यांनी निऑन, क्रिप्टॉन आणि झेनॉन एकापाठोपाठ काढून दाखवले. शून्य गण म्हणून एक नवी रांगच सारणीला जोडली गेली. बाकीचं एकही घर हलवावं लागलं नाही, आणि पुढे मेंडेलीव्हनेही ती स्वीकारली.

प्रश्न : मेंडेलीव्हला आवर्तसारणी पाणिनीच्या व्याकरणावरून सुचली, असा मजकूर मोबाइलवर फिरतोय. त्यात तथ्य आहे का?
— निवृत्त संस्कृत शिक्षक, नाशिक

सर, यातला एक भाग पक्का आहे. न सापडलेल्या मूलद्रव्यांना नावं देताना मेंडेलीव्हने संस्कृत संख्यावाचक शब्द घेतले, आणि तसं लिहूनही ठेवलं. अॅल्युमिनियमच्या खालचं पहिलं घर एक-अॅल्युमिनियम, सिलिकॉनच्या खालचं एक-सिलिकॉन. मँगॅनीजच्या खाली तर एक-मँगॅनीज आणि त्रि-मँगॅनीजही.

पाणिनीचा धागा हा अंदाज आहे. सेंट पीटर्सबर्गला ओटो बोटलिंक नावाचे मोठे संस्कृत पंडित होते. अष्टाध्यायीची आवृत्ती त्यांनी काढली, आणि पीटर्सबर्ग कोश म्हणून तुम्ही जो वापरला असाल तो त्यांचा आणि रोट यांचा. मेंडेलीव्हशी त्यांची ओळख होती, म्हणून सारणीची कल्पना पाणिनीच्या वर्णांच्या मांडणीवरून आली असेल असं पॉल किपार्स्की या भाषाशास्त्रज्ञाने सुचवलं आहे. पण बोटलिंक १८६८ मध्येच जर्मनीतल्या येनाला राहायला गेले होते, आणि सारणीमागची मेंडेलीव्हची स्वतःची कारणं त्याच्या लेखनात भरपूर आहेत : अणुभार, संयुजा, ऑक्साइडं. नावं संस्कृत, रचना त्याच्या पाठ्यपुस्तकातून आलेली, असं माझं मत आहे.

तरी तुमच्या प्रश्नाने मला माझी एक जुनी युक्ती आठवली. फळ्यावर मी वर्णमाला लिहायचे, क ख ग घ ङ, खाली च छ ज झ ञ, ट ड ढ ण, त थ द ध न, प फ ब भ म. 'ठ' मुद्दाम गाळलेला. मग विचारायचे, समजा हा वर्ण तुम्ही कधीच ऐकलेला नाही, त्या जागी काय असेल ते सांगा. मुलं आडवी बघायची : जीभ टाळूला जिथे लागते ती जागा ट आणि ड ची. उभी बघायची : ख, छ, थ, फ, म्हणजे श्वासाचा जोर. दोन्ही एकत्र केलं की आपोआप तोंडातून 'ठ' निघायचा. जर्मेनियमची घनता मेंडेलीव्हने कशी सांगितली हे त्यानंतर वेगळं समजवावं लागत नसे. शेजाऱ्यांमधलं अंतर काढायचं आणि मधल्या घराचं वर्णन लिहायचं. सर, व्याकरणाच्या तासाला तुम्ही हे केलंत तर विज्ञानाच्या शिक्षकांचं काम हलकं होईल.

प्रश्न : ११८ मूलद्रव्यं झाली, सातवी ओळ भरली. मग आता सारणी पूर्ण झाली का? मुलाला भिंतीवर लावायला घेऊन देऊ म्हणते.
— आई, पेण

सातवी ओळ भरली हे बरोबर. शेवटच्या चार जागांची नावं २०१६ च्या नोव्हेंबरात कायम झाली : निहोनियम, मॉस्कोव्हियम, टेनेसीन, ओगॅनेसॉन. ओगॅनेसॉनचे मोजकेच अणू आजवर तयार झाले आहेत आणि त्यातला एकेक अणू सेकंदाच्या हजाराव्या भागाइतकाही टिकत नाही.

पण शोध थांबलेला नाही. जपानच्या रिकेन संस्थेत क्युरियमवर व्हॅनेडियमचा मारा करून ११९ मिळवायचा प्रयत्न चालू आहे. मुलाकडून बेरीज करून घ्या : ९६ अधिक २३. बर्कलीत २०२४ मध्ये प्लुटोनियमवर टायटॅनियमचा मारा करून लिव्हरमोरियमचे दोन अणू मिळाले, ९४ अधिक २२. पुढे कॅलिफोर्नियम घेऊन त्यांना १२० कडे जायचं आहे. तेही त्यालाच जुळवू द्या.

तक्ता जरूर घ्या. भिंतीवर लावताना खाली चार बोटं जागा मोकळी ठेवायला त्याला सांगा. आठवी ओळ आली की तिचं पहिलं घर डावीकडे, लिथियम-सोडियमच्या रांगेत, फ्रान्सियमच्या खाली येईल.